गच्चीवर वाळत घातलेलं वाळवंट

गेल्या हिवाळ्याच्या सुरुवातीला वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातला पाइप फुटला आणि कोलकात्यात, आमच्या बेहालाच्या फ्लॅटमध्ये आईचं कपाट आतून भिजलं. साड्या वाचल्या. खालच्या कप्प्यातली मासिकं मात्र चिंब झाली.

ती मासिकं वाळवंटाची होती. मी लहान असताना बाबा भूजल खात्यात होते आणि त्यांची बदली जैसलमेरच्याही पुढे एका सरकारी वसाहतीत झाली होती. आई कृष्णेच्या काठी, सांगलीत वाढलेली. सुरुवातीला ती रोज संध्याकाळी दारात बसून रडायची. मग एकदा बाबांनी गावातून एक हिंदी मासिक आणलं. त्यात सगळं वाळवंटाचंच असायचं. टेकड्यांचे फोटो, खेजडीच्या झाडावर लेख, वाळूवरच्या पावलांवरून प्राणी कसा ओळखायचा याची चित्रं. आई ते वाचायची आणि मला घेऊन बाहेर पडायची. "ही बघ, कोल्ह्याची. ताजी आहेत गं!" तिचं रडणं कधी थांबलं, आम्हाला कळलंसुद्धा नाही. पुढे पुढे तर कुणी वाळूला नाक मुरडलं की ती म्हणायची, "वाळू म्हणजे घाण नव्हे हो. झटकली की गेली."

नंतर कोलकात्याला बदली झाली. बाबा इथेच निवृत्त झाले, इथेच गेले. इथल्या दमट हवेशी आईचं कधी जमलंच नाही. मीठ ओलं, काडेपेट्या ओल्या, पापड वाळता वाळत नाहीत. काही वर्षं मासिक पोस्टाने येत राहिलं, मग बंद पडलं. जुने अंक आई दर थंडीत बाहेर काढून त्यांना ऊन द्यायची.

आणि आता हे. फुगलेले, एकमेकांना चिकटलेले अंक मी जमिनीवर मांडले. आई पलंगावर बसून नुसती बघत होती.

तेवढ्यात वरचे काकू आले. बंगालीत काकांना काकू म्हणतात, हे आईच्या गळी अजून उतरलेलं नाही. बजबजच्या तेलडेपोतून निवृत्त झालेले हे गृहस्थ एकटेच राहतात. पाइप त्यांचाच, त्यामुळे चेहरा पडलेला.

"बौदी, नवीन आणून देतो," ते हिंदीत म्हणाले. बौदी म्हणजे वहिनी, आईला ते तसंच हाक मारतात.

"आता कुठे मिळणार? ते छापणंच बंद झालं."

ते खाली बसले आणि अंकांच्या पिना काढायला लागले.

दुसऱ्या दिवशी आम्ही सुटी पानं गच्चीवर कपड्यांच्या दोरीला चिमट्यांनी लावली. शेजारणींच्या साड्यांच्या मधे वाळूच्या टेकड्या हलत होत्या. काकू हात मागे बांधून एकेक पान बघत चालले होते.

"एवढी वाळू! आणि पाणी?"

"तेच शोधायला तर आम्हाला पाठवलं होतं," आई म्हणाली आणि हसली.

काही पानं सुटलीच नाहीत. त्यांचा एक गठ्ठा हातात घेऊन काकूंनी विचारलं, "यात काय होतं?" आईने आठवून आठवून सांगितलं. एका गावात बऱ्याच काळाने पाऊस आला, तेव्हा बायका स्वयंपाक टाकून छपरांवर चढल्या होत्या, त्याबद्दलचा लेख. मग लेख बाजूला राहिला आणि ती आमच्या वसाहतीतल्या पावसाबद्दल बोलायला लागली. बाबा गेल्यापासून मी तिला इतकं बोलताना ऐकलं नव्हतं. पुढचे कितीतरी दिवस दुपारी काकू गच्चीवर यायचे, पानं वाळून खाली आली तरी.

"आई, एकदा जाऊन येऊ या का?" असं मी पूर्वीही विचारलं होतं. "आता कुणासाठी?" म्हणून ती विषय संपवायची. या वेळी ती म्हणाली, "मला काय, मी पाहिलेलंच आहे. पण काकूंना विचार. त्यांनी पुरी-दीघाच्या समुद्रापुढे काही पाहिलं नाहीये."

फेब्रुवारीत आम्ही तिघं गेलो. वसाहतीला कुलूप होतं. क्षितिजावर पवनचक्क्या उभ्या राहिल्या होत्या. त्या बघून आईचा चेहरा उतरला, पण टेकडीवर पोचल्यावर तिने चपला काढल्या आणि सरळ वाळूत बसकण मारली. काकूंनी बूट काढले, मोजे घडी करून खिशात ठेवले आणि थोडं अंतर राखून तेही बसले.

थंडी पडायला लागली तशी मी खालच्या टपरीवर चहा आणायला गेले. परत आले तर आई हातवारे करत रंगात येऊन बोलत होती, अगदी घरच्यासारखं, मराठीत. तिच्या ते लक्षातच आलं नव्हतं. मराठीचा एक शब्दही न येणारे काकू समोर बघत होते आणि वाक्यावाक्याला मान डोलावत होते.

मी चहा दोघांच्या मधे ठेवला आणि जरा मागे जाऊन बसले.