ते पवित्र पाणी नव्हतं

काकूंनी तांब्यात बोटं बुडवली आणि मी आत्ता जिथून उठले होते, बरोब्बर त्याच जागी शिंपडलं. मग होइनू बसली होती तिथं. गोमूत्र. तो वास मला कुणी शिकवायला नको. खारबावजवळच्या आमच्या गावात आई मजुरीला जायची, वरून ओतलेलं पाणी ओंजळीनं प्यायची, आणि ती निघाली की मागं हाच वास यायचा.

कामतघरच्या चाळीतला ओटा. भरदुपार. शेजारी कापडाच्या लूमची खडखड. काकू चाळीच्या मालकीण. बसा म्हणाल्या, आडनाव विचारलं, मी सांगितलं. लगेच, "उठा जरा."

होइनू ईशान्येकडच्या डोंगरातली. तिकडच्या दंगलीत घर जळालं. नवरा आणि तान्ही पोर घेऊन इथवर आलेली. अशा काही कुटुंबांना आमच्या चर्चनं हॉलमध्ये आसरा दिला होता. मी वडप्याला गोडाऊनमध्ये पॅकिंग करते. सुट्टीच्या दिवशी त्यांना खोल्या शोधून द्यायचं काम माझ्याकडं. घाईचंच काम होतं. रोज संध्याकाळी चर्चच्या गेटसमोर बाईकवाली पोरं थांबायला लागली होती. काही बोलायची न्हाईत. नुसती हॉलच्या खिडक्यांकडं बघत बसायची. फादर म्हणाले, यांना लवकर हलवा, लक्षण बरं दिसत न्हाय.

होइनूनं ते शिंपडणं बघितलं आणि तिचा चेहरा खुलला. अगं बाई, तिला वाटलं तरी काय! नव्या घरात फादर पवित्र पाणी शिंपडतात ना, तसलंच काहीतरी. तिला तेवढंच ठाऊक. तिनं डोक्यावर ओढणी घेतली, मान खाली घातली आणि पोरीला पुढं केलं. तिच्या अंगावरही पडू दे म्हणून.

काकू झटक्यात मागं सरकल्या. शिवाशिव होईल ना.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. सोबत चर्च कमिटीचे सर आले होते. इस्त्रीचा शर्ट, मोठ्या घरातला माणूस. कानाशी येऊन म्हणाले, "गप बस. खोली मिळतेय. त्यांना कुठं काय कळतंय?"

कळत न्हाय म्हणून काहीही करायचं? मी एकटी असते तर गिळलं असतं, आईनं जन्मभर गिळलं तसं. पण त्या बाईनं हसत हसत लेकरू पुढं केलं होतं. ते मला बघवेना.

"होइनू," मी म्हटलं, "ये आशीर्वाद नहीं है. हम यहाँ बैठे थे ना, इसलिए जगह शुद्ध कर रही है. हमको गंदा समझती है."

तिनं पोरीला छातीशी ओढलं आणि नवऱ्याला त्यांच्या भाषेत काहीतरी सांगितलं. त्यानं बॅग उचलली.

"काकू," मी विचारलं, "आमच्या हातचं भाडं घेताना पण शिंपडणार होता का?"

काकू आत गेल्या. कडी लावल्याचा आवाज आला. खोली गेली.

सर खवळले. "तुझ्या तोंडामुळं हे रस्त्यावर आले. आता तूच बघ. चर्चचं नाव मध्ये आणायचं न्हाय."

तिघांना हॉलवर परत न नेता माझ्या खोलीत आणलं. हातपाय पसरायला जागा न्हाय, पण दाराला कडी आहे. दिवेलागणीला तीच बाईकवाली पोरं आमच्या गल्लीत शिरली. शेजारणींनी एकेक करून दारं लावून घेतली. होइनूनं काही न सांगता दिवा घालवला आणि पोरीच्या तोंडावर हात ठेवला. तिला सवय होती.

मी बाहेर गेले. पुढच्या बाईकवरच्या पोरानं विचारलं,

"हे लोक कुणाच्या परवानगीनं ठेवलेत?"

"माझ्या."

तो हसला. "विचार कर, बाई. उद्या परत येतो आम्ही."

भीती वाटते. खोटं कशाला बोलू. पण मी काय मेल्या आईचं दूध प्यायलेली न्हाय. उद्याची ड्युटी सोडलीय. दार सताड उघडं ठेवून उंबऱ्यात बसणार. आत जायचं असेल तर त्यांनी मला तुडवून जावं. होइनू इथून कुठंही जाणार न्हाय.