काठोकाठ भरलेलं फुलपात्र

क्रूझच्या धंद्यातलं जितकं माझ्या नागावच्या आत्याला कळतं तितकं ती जहाजं बांधणाऱ्यांनाही कळत नसेल. हे मी कौतुकाने म्हणत नाही; तिच्या ओटीवर बसून वर्षानुवर्षं ऐकून घेतलेल्या भाच्याच्या अधिकाराने म्हणतोय. आत्या सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून लागली आणि मेट्रन होऊन निवृत्त झाली. तिच्या वयाच्या बायका निवृत्तीनंतर काशीला जातात, ही मुंबईहून सुटणाऱ्या क्रूझवर गेली. कशी होती म्हणून विचारलं तर म्हणाली, "बरी होती, पण शिस्त नाही." ती शिस्त लावायला म्हणून जी पुन्हा गेली ती दरवर्षी जातच राहिली. गेल्या हिवाळ्यापर्यंत तिच्या अकरा सफरी झाल्या होत्या. जहाज म्हणजे एक मोठा वॉर्ड आहे आणि त्यातल्या लोकांना आपण पेशंट आहोत हे अजून कळलेलं नाही, असं तिचं ठाम मत आहे.

या धंद्याचं मर्म तिने मला पहिल्याच सफरीनंतर सांगितलं होतं. वाल सोलता सोलता म्हणाली, "अरे, माणसाला मोकळा म्हणून ठेवत नाहीत. सकाळी योगा, मग नाच, मग जादूचे प्रयोग, मग पुन्हा खाणं. का? तर माणूस मोकळा राहिला की त्याला समुद्र दिसतो, आणि समुद्र फुकट असतो." म्हणून ती जहाजावर सगळ्यात आधी काय शोधते, तर जिथे गाणं वाजत नाही असा एखादा कोपरा आणि त्यातली खुर्ची. बुफेबद्दल तर तिने मला इतकं शिकवलंय की आता मी लग्नाच्या पंगतीतही तिच्याच नियमाने वागतो. हातात ताट न घेता आधी एक पूर्ण राउंड मारायचा. पाव, भात, बटाटा हे सगळं सुरुवातीला मांडलेलं असतं, कारण तिथेच पोट भरलं की माणूस पुढे कोळंबीपर्यंत पोचत नाही. "ती मांडणारा माणूस हुशार असतो," ती म्हणते, "पण मी चौतीस वर्षं दवाखान्याचं स्वयंपाकघर बघितलंय." बंदर आलं की सगळे प्रवासी उतरून बसमध्ये बसतात, बस त्यांना दुकानात नेते आणि दुकान त्यांना परत पाठवतं. आत्या उतरतच नाही. रिकाम्या जहाजात पंख्याखाली पाय पसरून चहा पिण्याची मजा तिकिटात कुठे लिहिलेली नसते, असं तिचं म्हणणं.

बुफेच्या दाराशी हात धुवायची जागा असते. तिथे आत्या उभी राहते. तिला कोणी सांगितलेलं नसतं, पण तिच्या उभं राहण्यातच असं काही आहे की येणारा माणूस आपोआप थांबतो. ती फक्त एक शब्द बोलते, "हात?" आणि बर्म्युडा घातलेले मोठमोठे व्यापारी दोन्ही हात उलटेसुलटे करून दाखवतात. एकदा पांढऱ्याशुभ्र गणवेशातला एक उंच अधिकारी आला, त्याचीही तिने नखं बघितली आणि त्याला परत पाठवलं. त्यानेच म्हणे शेवटच्या दिवशी येऊन तिचे आभार मानले, कारण त्या सफरीत कोणाचंही पोट बिघडलं नव्हतं. हे ती सांगते तेव्हा आवाज अगदी साधा ठेवते, पण डोळ्यांत मेट्रनचा सगळा रुबाब उतरलेला असतो.

जहाजावर चढताना प्रत्येकाचा फोटो काढतात आणि तो विकायला भिंतीवर लावतात. आत्या आपला फोटो कधीच घेत नाही. रोज सकाळी चहा झाला की भिंतीपाशी जाऊन त्याला भेटून येते. थाटाच्या जेवणाच्या संध्याकाळी मात्र पैठणी नेसते आणि खाली पांढरे कॅनव्हासचे बूट घालते, कारण डेक ओला असतो आणि या वयात खुबा मोडला तर काय होतं हे तिला बाकीच्यांपेक्षा जास्त माहीत आहे. शेवटच्या दिवशी अभिप्रायाचा जो कागद देतात तो ती दोन्ही बाजूंनी भरते, मराठीत, आणि समासातही. त्यात मुख्यतः खालच्या मजल्यावरच्या माणसांची नावं असतात: भांडी घासणारे, चादरी बदलणारे, धोबीखान्यातले. "वरच्यांची नावं पाटीवर असतात," ती म्हणते, "खालच्यांची कोण लिहिणार?"

या सगळ्याचा खरा भार पडतो तो घरी, आतोबांवर. आतोबा म्हणजे आत्याचे यजमान. उंच, वाळके, जन्मभर वाडीत नारळ-सुपारीची शिंपणं करणारे आणि बायकोचं सगळं ऐकून घेऊन शेवटी आपल्याच चालीने चालणारे. एका सफरीत आत्या टॉवेलचा हत्ती करायला शिकून आली. दुसऱ्या दिवशी आतोबा आंघोळ करून बाहेर आले तर दोरीवर पंचा नाही, बाकावर हत्ती. मी गेलो तेव्हा ते निथळत उभे होते. मी म्हटलं, "आतोबा, घ्या की सोडवून." तर म्हणाले, "मोडवत न्हाय रे. सोंड बग कशी केलीय." शेवटी मीच माझा रुमाल दिला.

सगळ्यात मोठं प्रकरण कवायतीचं. जहाजावर पहिल्या दिवशी धोक्याची सूचना कशी देतात ते शिकवतात: सात छोटे भोंगे आणि एक लांब. लोक म्हणे त्या वेळी हातात सरबताचे ग्लास घेऊन फोटो काढत असतात, म्हणून आत्याने ही कवायत घरात सुरू केली. भोंगा नव्हता, म्हणून ती ताटावर पळीने सात वेळा वाजवायची आणि आतोबांनी चपला घालून रामफळाच्या झाडाखाली जमायचं. हे आतोबांच्या अंगात इतकं भिनलं की एकदा घरात काबुली चणे शिजत होते, कुकरच्या सात शिट्ट्या झाल्या, आठवी जरा लांबली, आणि आतोबा पावणेएक वाजता भर उन्हात रामफळाखाली जाऊन उभे राहिले. आत्या जेवायला हाका मारतेय आणि हे तिथून ओरडतायत, "आदी सगला ठीक हाय का ते सांग!"

पण खुद्द जहाजावर आतोबा कधी गेले नाहीत. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर जन्म गेला, पण त्यांना बोट लागते. मांडव्याच्या लाँचचं नुसतं नाव काढलं तरी त्यांच्या पोटात ढवळतं. मुंबईला जायचं तर ते पेण-पनवेलवरून एसटीने जाणार, मग पाच तास लागोत. "माजा नि समुद्राचा चांगला चाललाय," ते म्हणायचे. "तो तिकडं, मी हिकडं." आत्या दर वर्षी विचारायची आणि दर वर्षी हेच उत्तर यायचं. मग ती एकटीच बॅग भरायची. बॅगेत न चुकता एक स्टीलचं फुलपात्र असायचं. जहाजावर खोलीत शिरलं की ती ते काठोकाठ पाण्याने भरायची, टेबलावर ठेवायची आणि किती पाणी सांडलं, कुठल्या महिन्यात, कुठल्या मजल्यावर, ते एका वहीत लिहून ठेवायची. आम्ही सगळ्यांनी या फुलपात्रावरून तिची खूप चेष्टा केली. मी तर एकदा म्हटलं होतं, "आत्या, जहाजाचा ताप घेतेस का?" ती म्हणाली, "तसंच समज."

आतोबांची सफर मात्र वेगळी होती. मुंबईहून सुटलेलं जहाज दिवेलागणीच्या सुमारास आमच्या किनाऱ्यावरून, पण खूप लांबून, दक्षिणेकडे जातं. त्या वेळी आतोबा आत्याची लाल साडी नारळ पाडायच्या काठीला बांधून नागावच्या वाळूत उभे राहायचे. घोडागाडीवाले, केळ्याच्या आकाराच्या बोटीत बसून ओले झालेले पर्यटक, सगळे बघत राहायचे. तेवढ्यात आत्याचा फोन यायचा. "दिसली हो, दिसली! पण डावीकडे झुकलीय, जरा सरळ धरा." आतोबा काठी सरळ करायचे. "आता कशी?" "आता झकास." मग लांबवरची ती दिव्यांची ओळ चौलच्या बाजूला जाऊन दिसेनाशी होईपर्यंत त्यांचे हात वरच असायचे. घरी येताना दर वर्षी मला म्हणायचे, "डोळे बग तिचे या वयात!"

गेल्या वर्षी अकरावी सफर करून आत्या आली ती गप्पगप्पच. मला वाटलं, बुफे बिघडला असेल. तिने बॅगेतून फुलपात्र काढलं, आतोबांच्या पुढ्यात ठेवलं आणि वही उघडली. "दोन रात्री झाल्या, थेंब सांडला नाही. सगळ्यात खालचा मजला, मधली खोली, जानेवारी महिना. आलं, लिंबू, मोरावळा सगळं मी बघून ठेवलंय. आता तरी याल का?" तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला, आणि केलेल्या चेष्टेची लाज वाटली. अकरा वर्षं ती जहाजं तपासत होती ती या एका माणसासाठी. आतोबा फुलपात्राकडे बघत राहिले. मग मान खाली घालून म्हणाले, "मला न्हाय गो जमायचा." आत्याने काही वाद घातला नाही. "मग मीही नाही जाणार आता," एवढंच म्हणाली. "एकटीने बघून बघून किती बघायचं?" आणि ते फुलपात्र तिने रोजच्या भांड्यांत ठेवून दिलं.

पाऊस संपून लाँच सुरू झाल्या, आणि एका सकाळी आतोबा अलिबागला माझ्या दारात हजर. खिशात मोरावळ्याची बाटली. "मांडव्याला चल," म्हणाले, "तिला सांगू नको हां." त्या दिवशी लाँचमध्ये त्यांनी डोळे जे मिटले ते गेटवेला उघडले, आणि माझ्या मनगटावर त्यांच्या बोटांचे वळ दोन दिवस होते. परत मात्र ते एसटीने आले, मला घेऊन. दुसऱ्या खेपेला येताना-जाताना दोन्ही वेळा लाँच, पण डोळे मिटलेलेच. तिसऱ्या खेपेला अर्ध्या वाटेत त्यांनी एक डोळा उघडला, पर्यटकांच्या हातातले वेफर पळवणारे सीगल बघितले आणि म्हणाले, "मायला, यांना न्हाय लागत का बोट?" चौथ्या खेपेला ते उभे राहिले. पाचव्या खेपेची गरजच नव्हती, पण त्यांना ती मजा म्हणून करायची होती. घरी जाऊन आत्याला काय सांगितलं ते मला माहीत नाही. संध्याकाळी तिचा फोन आला आणि ती एवढंच म्हणाली, "अरे, यांचे बूट घ्यायचेत, पांढरे, कॅनव्हासचे." आणि फोनवर रडली. चौतीस वर्षांच्या नोकरीत तिला कोणी रडताना पाहिलं नव्हतं.

जानेवारीतल्या एका शनिवारी दोघं गेली. निघताना आतोबांनी लाल साडी माझ्या हातात दिली. गाठ कशी मारायची, कुठे उभं राहायचं, वारा असला तर काय, सगळं तीनदा समजावलं. मी स्कूटरवरून निघालो, पण शनिवारी नागावला काय गर्दी असते ते सांगायला नको. वळणावरच गाड्या अडकल्या. साडी डिकीत, काठी वाडीत, मी रस्त्यात, आणि फोन वाजला.

"आतोबा, कसं वाटतंय?" मी विचारलं. "फुलपात्र?"

"रिकामा हाय," आतोबा म्हणाले. मला धडकीच भरली. "तहान लागली, पिऊन टाकला मी." मागून आत्या काहीतरी ओरडली, आणि दोघंही मोठमोठ्याने हसली. मग फोनमध्ये वारा शिरला. कठड्याशी उभे असणार ते, आमच्या किनाऱ्याकडे तोंड करून. तिथून नागाव म्हणजे धुरकट निळी रेघ, फार तर. काठी नाही, साडी नाही, माणूस तर नाहीच नाही. अकरा वर्षं आपल्याला कोण काय सांगत होतं, हे त्यांना त्या क्षणी कळलं असणार.

"काय हो, दिसतंय का काही?" मागून आत्याने विचारलं. तिचा आवाज इतका हळू मी कधी ऐकला नव्हता.

"दिसतेय तर!" आतोबा म्हणाले. "लालभडक दिसतेय. तू सांगायचीस ना, अगदी तशीच." मग मला म्हणाले, "अरे, डावीकडं झुकलीय बग. जरा सरळ धर."

"धरली," मी म्हटलं.

"आता झकास," आतोबा म्हणाले.

मी स्कूटर तिथेच एका कुंपणाच्या वईला लावली आणि वाडीतून काठी घेऊन वाळूपर्यंत धावत गेलो. गाठ मारली ती त्यांनी शिकवली होती तशीच. लांबवर दिव्यांची ओळ चौलकडे सरकत होती. ती दिसेनाशी होईपर्यंत मी साडी धरून उभा राहिलो, आणि काठी जराही झुकू दिली नाही.