हाफटाइमचा बोकड

चामोर्शीहून गडचिरोलीला जाणाऱ्या एसटीत तो माझ्या शेजारी बसला होता. सुजलेला गुडघा दुपट्ट्याने घट्ट बांधलेला. नाव मी विचारलं नाही.

मागे दोघं जण आदल्या दिवशीच्या फुटबॉल फायनलवर तावातावाने बोलत होते. हाफटाइमला त्यांचं गाव तीन गोलांनी पुढे होतं आणि शेवटी चार-तीन हरलं.

"रेफरीनंच हरवलं. आज गडचिरोलीत अर्ज देऊन त्याची रेफरीगिरीच बंद करतो."

"ते पेनल्टी त्यानं उगाच देल्ली."

माझ्या शेजारचा गुडघा चोळत ऐकत होता. मग मागे वळला. "पेनल्टी बरोबर होती, भाऊ. मीच पाय घातला."

"तुमी तं आपलेच गोलकीपर. काऊन उलटं बोलून राह्यले?"

"हाफटाइमले आमी अकराही जण बक्षिसाचा बोकड पाहायले गेलो. मांडी कोणाले, मुंडी कोणाले, तेच ठरवत बसलो. पाणीही नाई पेलो. अर्ज द्यायचाच असन तं माझ्या नावानं द्या."



गडचिरोलीच्या ऑफिसात मी रोज तक्रारअर्ज वाचते. स्वतःचीच चूक लिहिलेला अर्ज अजून माझ्या टेबलावर आलेला नाही.