मला न उघडणारा खण

श्री. जनार्दन भोईर यांची आणि माझी पहिली भेट झाली ती भिवंडीत, कल्याण नाक्याजवळच्या एका जिन्यात. आपल्या डिझाइन केंद्राच्या मुलाखती होत्या आणि वर खुर्च्या कमी पडल्यामुळे सर, मी आणि बाकीचे उमेदवार पायऱ्यांवर बसलो होतो. सरांनी रुमालाने पायरी पुसली आणि मला म्हणाले, "ताई, इथे जरा वारा लागतो, इथे बसा." माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा, "घाबरू नका, माणसं चांगली आहेत," असा धीरही दिला. मी घाबरले नव्हतेच. माझ्याकडे कॉम्प्युटरची पदवी होती, मुंबईतल्या नोकरीचा अनुभव होता, आणि केंद्रप्रमुखाची जागा आपलीच हे मी घरी सांगून आले होते. संध्याकाळी कळलं, प्रमुख भोईरसर आणि सहायक मी. त्या दिवसापासून मी सरांवर जळते. हे ठाऊक असूनही सरांच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथाच्या समितीने लेख माझ्याकडेच मागितला आहे, तेव्हा पुढे जे येईल ते छापायची जबाबदारी त्यांची.

बाहेरच्या वाचकांसाठी आधी केंद्राचं काम सांगते. कापडावरच्या नक्षीची डिझाइन्स पूर्वी ग्राफच्या कागदावर चौकोन भरून काढत. ती कॉम्प्युटरवर घ्यायची आणि जपून ठेवायची, यासाठी भिवंडीतल्या यंत्रमागधारकांनी मिळून हे केंद्र काढलं. त्या वर्षांत लाइट जाण्याचा नुसता वैताग होता, पण प्रत्येक भागातली वेळ वेगळी असे. हे हेरून सरांनी एकाच जागी एक मोठा सर्व्हर न घेता तीन ठिकाणी तीन बसवायला लावले: एक शहरात, एक अंजूरला आणि एक पडघ्याच्या गोदामात. वापरणाऱ्याला मात्र ते सगळं मिळून एकच कपाट वाटे, आणि त्यात प्रत्येक सभासदाचा एक खण. कॉम्प्युटरवाले याला व्हॉल्यूम म्हणतात. सरांनी पहिल्याच सभेत खण म्हटलं आणि सगळ्यांना एका दमात कळलं. हा साधा शब्द मला का सुचला नाही, या विचारात मी पुढे बरेच दिवस घालवले. शहरातली लाइट जायची वेळ झाली की सर खण उचलून अंजूरला नेऊन ठेवत, आणि मालक आपल्या कारखान्यात बसून काम करत राही, त्याला पत्ताही लागत नसे.

हे सगळं चाले ते खणांच्या यादीवर. एक आज्ञा टाइप केली की पडद्यावर ओळी उतरत: खणाचं नाव, तो सध्या कुठल्या सर्व्हरवर आहे, किती भरलाय, किती जागा उरली आहे, चालू आहे की बंद. आत काय आहे हे यादी सांगत नाही, बाहेरून दिसतं तेवढंच सांगते. सर रोज सकाळी चहा घेत ही यादी वाचत. मी मुद्दाम त्यांच्या आधी येऊन वाचत असे. एकदा मी यादी पाहून, "सगळं ठीक आहे सर, सगळ्यांना जागा भरपूर," असं सांगून मोकळी झाले. सरांनी तीच यादी वाचली, चहा खाली ठेवला आणि आमचे एक सभासद सलीमभाई यांना फोन लावला. "सलीमभाई, गेले कितीतरी दिवस तुमचा खण जरासुद्धा वाढला नाही. तब्येत बरी आहे ना?" पलीकडून सलीमभाईंचा खोल गेलेला आवाज मलाही ऐकू आला. "पीलिया हुआ है भोईरसाब, बिस्तर पे हूँ. पर आप को किसने बोला?" काविळीला चांगली म्हणून सर त्याच दिवशी शहाळी घेऊन त्यांच्याकडे गेले. पुढे सलीमभाईंनी ही हकिकत अख्ख्या बाजारात सांगितली. मी ती प्रत्येक वेळी हसून ऐकली आणि घरी येऊन भांडी आपटली.

सरांच्या तत्त्वनिष्ठेबद्दल या ग्रंथात पुष्कळ जण लिहितील. मी माझ्यासमोर घडलेलं सांगते. दिवाळीच्या सीझनआधी भिवंडीत कुणी कुणाला आपलं डिझाइन दाखवत नाही. पण यादी समोर असेल तर आत न बघताही अंदाज येतो. एखाद्याचा खण एकदम फुगला, म्हणजे तो काहीतरी नवीन आणतोय. केंद्राचे एक संचालक, ज्यांना आम्ही नुसतं शेठ म्हणायचो, एका दुपारी येऊन सरांसमोर बसले.

"भोईर, जरा ती लिस्ट काढ. नावं नको, नुसते आकडे दाखव."

"तुमची ओळ दाखवतो ना शेठ."

"माझी मला माहीत हाय. मी डायरेक्टर हाय इथला."

"म्हणून तर तुमची ओळ मोठ्या अक्षरात दाखवतो."

शेठ चहा न पिता उठले. जाताना, "नोकरी सांभाळा," असंही म्हणाले. गंमत म्हणजे त्याच आठवड्यात मी त्या यादीचा एक सुंदर रंगीत तक्ता करून भिंतीवर लावायला आणला होता. कोण किती जागा वापरतो ते एका नजरेत कळावं, असा माझा आधुनिक विचार. सरांनी रंगांचं मनापासून कौतुक केलं आणि तक्ता गुंडाळून कपाटावर ठेवला. पुढच्या वार्षिक सभेत सरांना काढायचा ठराव येणार अशी कुजबुज होती. आला तो त्यांच्या अभिनंदनाचा, आणि मांडला शेठनी. "हा माणूस माझ्या तोंडावर मला न्हाय म्हनला," ते भर सभेत म्हणाले, "म्हंजे माझीबी लिस्ट यानं कुनाला दाखवली नसंल." टाळ्या थांबेनात. मीही वाजवल्या, पण हळू.

आता अण्णांबद्दल लिहिते. ते लिहायचं जिवावर आलं होतं.

अण्णा म्हणजे माझे वडील, अंजूरचे. त्यांनी आयुष्यभर भिवंडीच्या कारखान्यांसाठी ग्राफ काढले. खाडीकाठच्या गवताची पाती, बगळ्यांच्या माना, पानवेली, सगळं ते चौकोनात बसवायचे. आम्हा भावंडांना त्या कागदांना हात लावायची बंदी होती. एकदा त्यांच्या सख्ख्या चुलतभावाने त्यांचा एक ग्राफ परस्पर विकला, आणि आपल्याच वेलबुट्टीचं कापड दुसऱ्याच्या दुकानात टांगलेलं अण्णांनी पाहिलं. तेव्हापासून ते घरच्यांपासून जास्त जपून राहू लागले. माझं लग्न झालं ते केण्यांच्या घरात. सासरी माग आहेत. म्हणजे अण्णांच्या हिशेबाने मी आता शत्रूच्या गोटात, असं ते थट्टेने म्हणायचे. मला ती थट्टा वाटायची.

केंद्र सुरू झाल्यावर एका सकाळी अण्णा रिक्षाने आले, काखेत ग्राफची भली मोठी गुंडाळी घेऊन. मी उठून उभी राहिले. तेवढ्यात सरांनी आतून हाक मारली, अण्णा आत गेले आणि दार लागलं. दुसऱ्या दिवशी यादीत नवी ओळ दिसली, अण्णांच्या नावाची. देखभालीसाठी मला सगळ्या सभासदांचे खण उघडता येत. अण्णांचा उघडायला गेले, तर पडद्यावर आलं: परवानगी नाही.

मी सरांसमोर जाऊन उभी राहिले. "सर, साऱ्या भिवंडीचे खण मला उघडतात. माझ्या बापाचाच का नाही?"

सर म्हणाले, "तो तुम्हाला उघडणार नाही, ताई. रुसायचं असेल तर माझ्यावर रुसा."

मी रुसले. अण्णांना विचारायची मात्र माझी हिंमत झाली नाही, कारण उत्तर मला माहीत आहे असं वाटत होतं. लेक सासरची झाली, तिचा भरवसा नाही. अण्णा अधूनमधून येत, माझ्या टेबलावर माझ्यासाठी आणलेली सुकी मासळी ठेवत आणि सरांशेजारी जाऊन बसत. सर त्यांना त्यांची ओळ वाचून दाखवत. तुमचा खण आज पडघ्याला आहे, चालू आहे, अजून खूप जागा आहे. अण्णा मान डोलवत. परक्या माणसाच्या शेजारी आपले वडील इतके निवांत बसलेले पाहताना काय होतं, ते ज्याला झालं असेल त्यालाच कळेल. मला तर कधीकधी रडूच यायचं.

एका वर्षी आमच्या घरचा धंदा ओढगस्तीला आला. रात्रीच्या जेवणाला माझे दीर म्हणाले, "वहिनी, अण्णांचे ग्राफ तुमच्याच ऑफिसात आहेत ना? एक-दोन बघू द्या. घरचंच तर आहे." माझे यजमान ताटातून मान वर करीनात. सासूबाई माझ्याकडे बघत होत्या. मी म्हटलं, "तो खण मलाच उघडत नाही." दिरांना खरं वाटलं नाही. दुसऱ्या दिवशी ते केंद्रात आले, मी त्यांच्यासमोर टाइप करून दाखवलं आणि पडद्याने माझ्याच तोंडावर मला नाही म्हटलं. दिरांनी ती ओळ पुन्हा वाचली. "अरेच्चा! तुमच्या वडिलांचा तुमच्यावरपण भरवसा नाही?" ते बोलून गेले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण ते वाक्य मला फार लागलं. घरात तो विषय मात्र तिथेच मिटला, आणि नंतर मला कुणी कधी त्यावरून छेडलं नाही.

आता सर साठ वर्षांचे झाले, निवृत्त होत आहेत आणि केंद्राची प्रमुख मी होणार आहे. जी खुर्ची मला हवी होती ती अखेर मिळते आहे, तीही सर उठून देत आहेत म्हणून. कारभार सोपवताना सरांनी प्रत्येक सभासदाला बोलावून विचारलं. अण्णांनाही बोलावलं, माझ्यासमोर. अण्णा आता काठी घेऊन चालतात. सर म्हणाले, "अण्णा, यापुढे केंद्र ताई बघतील. तुमचा खण त्यांना उघडा करू का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिले. अण्णा काय म्हणतील ते ऐकायला नको असं वाटत होतं.

"मना काय इचारता, सर?" अण्णा म्हणाले. "पयल्या दिशी मी तिच्याच हातान द्याया आल्तो. तुमीच आडवलाव."

मी वळून सरांकडे पाहिलं. सर चष्मा पुसत होते. "खरं आहे, ताई. अण्णा तुमच्याच टेबलाकडे येत होते, मी हाक मारून आत घेतलं. तुमच्या सासरी माग आहेत. आज ना उद्या कुणीतरी मागणार, आणि तुम्हाला एकतर वडिलांचं मन मोडावं लागणार, नाहीतर घरच्यांचं. म्हटलं, ताईंना नाही म्हणायची पाळीच येऊ नये. नाही म्हणायचं काम मशीनकडे दिलं."

"मग मला सांगायचं तरी!"

"सांगितलं असतं तर अण्णांची ना नाही हे घरी लपवावं लागलं असतं, खोटं बोलावं लागलं असतं. ते तुम्हाला जमत नाही. मनातलं सगळं तोंडावर दिसतं तुमच्या. माझ्यावर जळता ते रोज दिसतंच की."

अण्णा काठीवर हनुवटी टेकून मला म्हणाले, "सर सांगू नको बोलले, मी न्हाय सांगला. पन तू येकदा तरी इचारायचा व्हता गो माय."

मी रडले, आणि त्यात राग जास्त होता. इतकी वर्षं मी ज्याच्यासाठी झुरले तो बापाचा भरवसा माझ्याकडेच होता, आणि तेही मला सरांमुळे कळावं! माझ्या वडिलांची माया जपायची तजवीजही यांनीच करावी, त्यासाठी माझा राग मुकाट्याने अंगावर घ्यावा, आणि वर मला ताई म्हणावं! या माणसाच्या पुढे जायला एकही जागा शिल्लक नाही. सहकाऱ्यांनो, तुम्ही सरांचा गौरव करा. मला त्यांचा हेवा वाटतो आणि तो कमी होण्याची लक्षणं नाहीत.

सरांनी कीबोर्ड पुढे ओढला आणि विचारलं, "करू मग उघडा?"

मी डोळे पुसले आणि नको म्हटलं. आमचं घर तेच आहे, सीझन दरवर्षी येतो, आणि आता पुतण्याही धंद्यात बसतो. मला कुणी विचारलं तर माझ्याजवळ खरं उत्तर असावं. त्यामुळे तो खण आजही अण्णा आणि भोईरसर या दोघांनाच उघडतो. प्रमुख म्हणून मला ती परवानगी स्वतःला देता येईल. मी देणार नाही.

सर, आपणांस साठीनिमित्त माझा नमस्कार. गुडघ्यांचं तेल वेळेवर लावा, साखर जपा, आणि निवृत्तीनंतर गावच्या पंचायतीची कामं अंगावर घेऊ नका, कारण तिथेही लोक तुमच्याच गळ्यात पडतील आणि ते मला बघवणार नाही. अण्णा थकले आहेत. ते नसतील त्या दिवशी तो खण मला उघडून द्यायचा, असं त्यांनी तुम्हाला सांगून ठेवलं आहे. माझ्या वडिलांनी माझ्यासाठी काय काय काढून ठेवलंय ते मला बघायचं आहे, तुमच्या शेजारी बसून बघायचं आहे, पण इतक्यात नाही. म्हणून तुम्ही दोघंही खूप खूप वर्षं धडधाकट राहा आणि मला ताटकळत ठेवा.