पातेवाली आणि माळ्याचा चाकू

तिला सगळे पातेवालीच म्हणत. घडीचे चाकू ती हातानं बनवायची, तेही गिऱ्हाइकाच्या मुठीचं माप घेऊन. आधी ती घड्याळं दुरुस्त करायची. ती कोणी आणेनासं झालं, तेव्हा मागच्या खोलीत तिनं छोटी भट्टी मांडली. काळजी मात्र जन्मजात. कुलूप लावून निघाली तरी परत येऊन ओढून बघणार. सासूबाई म्हणायच्या, "ही झोपेतसुद्धा कुलूप ओढते."

नुकताच तिनं एका माळ्याला चाकू करून दिला होता. तो रोपवाटिकेत कलमं बांधायचा. उजव्या हाताची दोन बोटं गवत कापायच्या यंत्रात गेलेली, त्यामुळे सगळी भिस्त डाव्या हातावर. बाजारातला चाकू उघडायला त्याला दात लावावे लागत. तिनं पात्यावरची नखाची खाच उलट्या बाजूला कोरली, अक्रोडाच्या लाकडाची मूठ त्याच्या अंगठ्याला बसेपर्यंत घासली. उघडताना 'टक्', मिटताना 'टक्'. माळी खूश होऊन गेला.

आणि एका सकाळी चहा पिता पिता सासूबाई सहज म्हणाल्या, "अगं, माळ्याच्या चाकूच्या वेळी तुझा ओव्हन चालूच राहिला होता बघ. जळक्या तेलाचा वास सुटला, म्हणून मी बंद केला."

पातेवालीचा कप हातातच राहिला. "कधी? मी बाहेर फोनवर बोलत होते तेव्हा?"

"तेव्हाच. का गं?"

घडीच्या चाकूचा सगळा जीव पाठीतल्या स्प्रिंगमध्ये असतो. पोलादाची पट्टी लाल तापवून तेलात बुडवली की काचेसारखी कडक होते, आणि तशीच ठिसूळही. मग ती ओव्हनमध्ये पुन्हा सावकाश तापवावी लागते. निळी पडली की लवते. निळी पडली नाही, तर एक दिवस कट्कन तुटणार आणि पातं बोटांवर मिटणार.

फोन माळ्याचाच होता. "ताई, कलमं खोळंबलीत." त्या घाईत तिनं पट्टी बाहेर काढली आणि सरळ घासायला घेतली. रंग पाहिला होता का? ती आठवू लागली. जितकं आठवावं तितकी पट्टी जास्तच निळी दिसू लागली, आणि म्हणूनच तिचा स्वतःवरचा विश्वास उडाला.

माळ्याचा फोन वाजत राहिला, कोणी उचलेना. तिनं स्कूटर काढली. वाटेत प्रत्येक लाल दिवा तिच्यासाठीच लागल्यासारखा. डोळ्यांसमोरून त्याचा तो डावा हात काही केल्या जाईना.

रोपवाटिकेत तो बाकावर वाकून एका जाड खोडात पातं दाबत होता. बोटं बरोबर धारेच्या वाटेत.

"थांबा! सोडा तो!"

तो इतका दचकला की रोपच हातातून पडलं. "अहो ताई, जीव जाईल माणसाचा!"

"चाकू द्या. स्प्रिंग कच्ची असेल बहुतेक."

"कच्ची? लोण्यासारखा चालतोय."

"द्या म्हणते ना."

त्यानं चाकू दिला, पण तोंड वाकडं करून. वर म्हणाला, "मीही येतो. माझी वस्तू आहे."

मागच्या खोलीत तिनं मुठीतल्या खिळी ठोकून काढल्या आणि पट्टी सुटी केली. कानस फिरवून पाहिली. कानस धरेचना, नुसती घसरत होती; म्हणजे पट्टी अजून कडकच होती. मग पट्टी पकडीत आवळून तिनं जरा वाकवली. काच फुटावी तसा आवाज झाला आणि तुकडा पत्र्यावर जाऊन आदळला.

माळ्यानं डावा हात हळूच खिशात घातला.

दारात सासूबाई उभ्या होत्या. "माझ्यामुळे झालं का गं हे?"

"नाही हो. रंग बघायचं काम माझं होतं."

नवी पट्टी केली तेव्हा ती ओव्हनपासून हलली नाही. पट्टी आधी पिवळसर झाली, मग तपकिरी, मग जांभळी. शेवटी तिनं सासूबाईंना हाक मारली, "आई, हा निळाच ना?"

"निळाच."

"नक्की?"

"अगं, डोळे शाबूत आहेत माझे अजून!"

चाकू जोडून ती स्वतः रोपवाटिकेत घेऊन गेली. माळ्यानं तो उघडला. 'टक्' तोच, पण आता त्याची बोटं मुठीवर बसेनात. फांदीवर पातं टेकवायचा, आणि दाब द्यायची वेळ आली की हात मागे घ्यायचा. पट्टी बदलता आली होती; हे कसं बदलायचं?

तिनं चाकू मागून घेतला, एक वाळकी फांदी उचलली आणि आपली बोटं तशीच धारेच्या वाटेत ठेवून सगळा जोर लावला. फांदी तुटली. तिनं दुसरी घेतली. तीही तुटली, तेव्हा तिनं तिसरीला हात घातला.

"पुरे ताई," तो म्हणाला. "आणा इकडे."

पहिला काप त्यानं अलगद घेतला. दुसऱ्या कापाला त्याचा अंगठा आपसूक मुठीवरच्या घासलेल्या जागी जाऊन बसला. मग तो कलमात असा रंगला की ती निघाली, तेव्हा त्यानं वर पाहिलंसुद्धा नाही.