माओरी वॉर्डाचा कौल

नॉर्थ आयलंडमधल्या ज्या छोट्या गावात मी फार्मसिस्ट आहे, तिथे कौन्सिलच्या निवडणुकीबरोबर लोकांना एक प्रश्नही विचारला होता: माओरी वॉर्ड ठेवायचा की काढायचा? हा वॉर्ड म्हणजे कौन्सिलमधली, इथल्या मूळच्या माओरी मतदारांनी निवडून द्यायची एक जागा. त्या जागेवर माझ्या दुकानातल्या सहकारी बाईंची मोठी बहीण होती, आणि यंदा पुन्हा उभी होती.

मतपत्रिका पोस्टाने घरोघर आल्या आणि गाव जरा जास्तच गोड बोलू लागलं. काउंटरपाशी दोघंतिघं कुजबुजत असायचे. माझी सहकारी मागच्या खोलीतून बाहेर आली की विषय हवामानावर जायचा. हायवेवरचा तिच्या बहिणीचा फोटो असलेला प्रचाराचा फलक कोणीतरी चिरला, फक्त डोळ्यांपाशी. तिने नवा लावला. तोही तसाच चिरला.

"कसं होईल?" मी विचारलं.

ती गोळ्या मोजत होती. "ब्लडप्रेशरच्या गोळ्या नेणाऱ्यांनी केव्हाच मत दिलंय. मुलांचे इनहेलर नेणाऱ्यांना विचार, मतपत्रिकेचं पाकीट अजून फ्रिजवर पडलं असेल." मग म्हणाली, "पूर्व किनाऱ्यावर आमची माणसं जास्त. तिकडच्या कौन्सिलमध्ये राहील वॉर्ड. इथे, या गाईंच्या फार्मांमध्ये, नाही."

दुपारी इनहेलर न्यायला आलेल्या एका तरुण आईला मी खरंच विचारलं. "कसलं मत?" ती म्हणाली.

आमचे एक म्हातारे गिऱ्हाईक होते, शेतकरी. माझी आई पुण्याहून येऊन राहिली होती, तिच्यासाठी दर आठवड्याला घरच्या झाडाची लिंबं आणायचे. एकदा सहकारी जेवायला गेलेली बघून ते काउंटरवर वाकले.

"तुम्हा लोकांना पटेल हे. तुम्ही कष्टाने वर आलात. तुमच्यासाठी कोणी जागा राखून ठेवली होती का?"

आवाज इतका मायेचा होता की ते मला कशात सामील करून घेताहेत हे आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी त्यांची पिशवी काउंटरवर ठेवली.

"मी वॉर्ड ठेवायच्या बाजूने मत दिलंय," मी म्हणाले.

त्यांनी औषधाची पिशवी सावकाश उचलली. "तुम्ही इथे नव्या आहात," एवढंच बोलले. माझी मुलगी याच गावात जन्मली, हे त्यांना माहीत होतं.

त्यानंतर लिंबं आली नाहीत. "अगं, आजारी आहेत का ते?" आई विचारत राहिली.

शनिवारी निकाल लागला. बहीण निवडून आली, पण वॉर्ड गेला. ही टर्म संपली की ती जागाच नाही. पूर्वेकडे मात्र राहिला, सहकारी म्हणाली होती तसाच.

सोमवारी आम्ही दोघी दुकान उघडायला पोचलो, तर काचेवरचं 'किआ ओरा' या माओरी नमस्काराचं स्टिकर कोणीतरी खरवडून काढलेलं. मी मालकांना फोन लावला.

"राहू दे. नवीन नको लावायला," ते म्हणाले. "उगाच कशाला आत्ता?"

माझी सहकारी काचेवर उरलेला डिंक नखाने काढत होती. "परवापर्यंत हे करायची कोणाची हिंमत नव्हती," ती हळूच म्हणाली.

आमच्या मागे फूटपाथवर तीनचार माणसं दुकान उघडायची वाट बघत उभी होती. सगळी रोजच्या ओळखीची. एकाने हसून गुड मॉर्निंग म्हटलं. मी एकेकाचा चेहरा बघितला, काही कळेना. मग दार उघडलं आणि सगळ्यांना आत घेतलं.