सरोजाक्कांच्या तळ्यावरचं चितळ

हे मी आजवर कुणाजवळ बोललेलो नाही. बायकोजवळ नाही, मुलीजवळ नाही. थोडंफार ज्याला कळलं होतं त्या अण्णाजवळ – माझ्या थोरल्या भावाजवळ – तर मुळीच नाही. तुम्हाला सांगतोय. का, तेही धड सांगता येत नाही.

निमित्त फालतू आहे. राजाजीनगरात आमचा सकाळी फिरणाऱ्यांचा एक घोळका आहे. गेल्या आठवड्यात त्यांनी आग्रह धरला – तुम्ही जनावरांवर जीव टाकणारे, शाळेतल्या मुलांसमोर जरा बोला. मी नको म्हणालो. त्यांना तो विनय वाटला. विनय! घरी येऊन मी विनाकारण बायकोवर खेकसलो.

हे सगळं लिहायला चार वेळा बसलो, चारही वेळा कागद फाडले. दर वेळी पहिल्याच पानावर मी चांगला माणूस होऊन बसायचो.

तर – नव्वदच्या पुढची वर्षं. मी एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होतो. अण्णाने मागडी रस्त्याच्या आत पाच एकर जमीन खंडाने घेऊन भुईमूग लावला होता. रविवारी त्याच्या स्कूटरवर मागे बसून मी जायचो. शेताला लागून सरोजाक्कांची वीस एकर. अक्का निवृत्त शिक्षिका, आमच्यासारख्याच पिढ्यान्‌पिढ्या इथे कानडी मुलखात राहिलेल्या मराठी घरातल्या; बोलता बोलता कधी कानडीत शिरायच्या ते त्यांनाही कळायचं नाही. यजमान गेल्यावर त्यांनी जमीन कसलीच नाही. झाडं वाढू दिली. मध्ये एक तळं होतं. तिथे ससे यायचे, मोर यायचे, कधी चितळंही. आपल्या हद्दीत कुणी काही मारायचं नाही, हा त्यांचा नियम.

राखणीला मुनियप्पा. पन्नाशीचा, अठरा वर्षं बायकोसह तिथल्याच झोपडीत राहणारा. त्याचे वाडवडील शिकारीवर जगलेले; त्यांची जुनी ठासणीची बंदूक झोपडीत पडून होती. पण अक्कांनी सांगितल्यापासून त्याने सशाला साधा फासासुद्धा लावला नव्हता.

अण्णाचं आणि अक्कांचं भांडण रानडुकरांवरून होतं. ती अक्कांच्या झुडपांत राहायची आणि अण्णाचा भुईमूग उकरायची. पिकाच्या राखणीसाठी अण्णाकडे परवान्याची बंदूक होती, पण ती हवेत उडवायची. त्याचा सवाल एकच – "डुकरं जेवतात माझ्याकडे, झोपतात अक्कांकडे. मग ती कुणाची?"

प्रश्न खोटा नव्हता. त्याचं अर्धं शेत जात होतं. पण मी अक्कांच्या बाजूचा! मी म्हणायचो, जमीन माणसाच्या नावावर असते, जनावर कुणाच्याच नावावर नसतं. या वाक्यावर मी भलताच खूश होतो. अक्काही खूश. येणाऱ्याजाणाऱ्याला त्या माझं नाव घेऊन ते ऐकवायच्या. अण्णा एवढंच म्हणायचा, "तुला बोलायला काय जातं? तुझ्या हातून एक उंदीर तरी मेलाय का?"

बघा – अजून मी मुद्द्याच्या भोवतीच फिरतोय.

त्या आठवड्यात कारखान्यात माझ्या हाताखाली शिकलेल्या एकाला माझ्या वर बसवलं होतं. हे कारण म्हणून सांगत नाही. पण डोकं तापलेलं होतं, हे खरं. रविवारी दुपारी अण्णा पंपाचा एक भाग आणायला गावात गेला. बंदूक शेडमध्ये टांगलेली. मी ती घेतली, भरली, कुंपणातून वाकून अक्कांच्या हद्दीत शिरलो. एक डुक्कर मारायचं आणि अण्णाच्या पुढ्यात टाकायचं, एवढंच मनात होतं.

डुक्कर मिळालं असतं तर आज माझ्याकडे निदान वाद घालण्यापुरतं तरी काही असतं. पण तळ्यावर चितळाची मादी आली. एकटी. आमच्या भुईमुगाचं पानही तिने कधी खाल्लं नसेल. पाणी पिताना तिने दोनदा मान वर केली.

चुकून चाप ओढला गेला, असं मला किती वर्षं म्हणावंसं वाटतंय. नाही. मी नेम धरला. श्वास रोखला. का मारलं? मारता येत होतं म्हणून. याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही – आणि मी काही कमी शोधलेलं नाही.

ती पडली, उठली, मागचा पाय लोंबवत झाडांत पळाली. आणि मी? तिच्यामागे जाऊन तिचं दुखणं संपवायचं, इतकं तरी करायचं होतं. मी उलट्या दिशेला पळालो. बंदूक टांगली, हात धुतले, चिंचेखाली पेपर उघडून बसलो.

ती मुनियप्पाच्या झोपडीमागे, त्याच्या वांग्यांच्या वाफ्यात जाऊन मेली. तो आणि त्याची बायको आठवड्याच्या बाजाराला गेले होते. परत आले तर वाफ्यात मेलेलं जनावर. वाया कशाला घालवायचं म्हणून दोघं ते सोलायला बसले, आणि नेमक्या तेव्हाच अक्का तिथे पोचल्या.

ऊन उतरता उतरता त्या कुंपणापाशी आल्या. मागे मुनियप्पा, कोपरापर्यंत रक्त. मला बघून त्याचा चेहरा सैल झाला, हे मला स्पष्ट दिसलं. आता हा सांगेल आणि आपण सुटू, असं वाटलं असणार त्याला.

"हा म्हणतो, मी इथे नव्हतोच," अक्का म्हणाल्या. "तू दुपारभर इथे होतास. तू खोटं बोलणार नाहीस. कोण होतं तळ्याकडे?"

मी म्हणालो, "मुनियप्पाच गेला होता तिकडे. हातात लांबसं काहीतरी होतं."

एवढंच. एका दमात. विचारसुद्धा करावा लागला नाही.

मुनियप्पा ओरडला नाही. त्याची बायको ओरडली – बाजारात जाऊन विचारा, पानवाल्याला विचारा, कुणालाही विचारा! अक्का विचारायला गेल्या नाहीत. कशाला जातील? त्यांच्याकडे माझा शब्द होता. फॉरेस्टवाल्यांना त्यांनी कळवलं नाही, अठरा वर्षांची तेवढी आठवण ठेवली. दुसऱ्या दिवशी नवराबायको भांडी पोत्यात बांधून निघून गेले. आणि पुढच्या रविवारी अक्कांनी फाटकाची किल्ली माझ्या हातात ठेवली – "आता विश्वासाचं असं तूच राहिलास."

मी ती घेतली.

अण्णाला एक काडतूस कमी दिसलं होतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मग बंदूक पुसायला घेतली. विचारलं नाही. का नाही विचारलं? त्याचा राग येतो मला, अजून येतो. एक कानाखाली मारली असती तर मी बोललो असतो. म्हणजे बघा, इथेही मी दुसऱ्यावरच ढकलतोय.

मुनियप्पावाचून अक्कांना ती जमीन सांभाळता येईना. कुणीही शिरायचं, फासे लावायचं. मी किल्लीवाला, रविवारी दोन तास. दोनेक वर्षांत त्यांनी जमीन प्लॉट पाडणाऱ्याला विकली आणि बनशंकरीला भाचीकडे राहायला गेल्या. तळं बुजवलं गेलं.

नंतर एकदा अक्कांकडेच निघालो होतो. एका अर्धवट इमारतीपाशी वॉचमनने हाक मारली – "चेन्नागिद्दीरा, स्वामी?" बरे आहात ना. मुनियप्पा. दात पडलेले. त्याने मला स्वतःचं स्टूल दिलं, आपण विटांवर टेकला. बायको वारली होती. मग कानडीत हळूच म्हणाला, "अक्कांना एकदा सांगा. ते मी मारलं नव्हतं."

त्याला माहीत होतं का? तो माझ्या तोंडाकडेच बघत होता, तरी मला कळलं नाही. मी म्हणालो, "सरी." बरं.

तिथून अक्कांचं घर दहा मिनिटांवर. त्यांनी कॉफी केली. मुनियप्पाचा विषय त्यांनी स्वतःच काढला. "अठरा वर्षं पोटच्या पोरासारखा वागवला," म्हणाल्या, "पण शेवटी जात्याच शिकारी तो."

मी कॉफी संपवली. त्यांच्या गुडघ्याची चौकशी केली आणि निघालो. पुढच्या वर्षी अक्का गेल्या, तेच खरं मानून.